वीस सह्यांचं सोयाबीन पनीर

बबनरावांनी जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं. तरी चौऱ्याऐंशी सालच्या पौषात ते वर्ध्याहून परतले ते स्वयंपाकाचं प्रमाणपत्र घेऊनच. कागद जाड होता, त्यावर निळा गोल शिक्का होता आणि सोयाबीनपासून सूप, पनीर व इतर पौष्टिक पदार्थ तयार करण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्यांनी समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याचं मधोमध छापलं होतं. समाधान कोणाचं झालं, हे काही त्यात नव्हतं. पहिले दोन दिवस नुसती भाषणं झाली. तिसऱ्या दिवशी पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी सगळं करून दाखवलं, आणि नेमके तेव्हा बबनराव हजेरीच्या कागदावर तिथल्या साहेबांची सही घ्यायला तासभर व्हरांड्यात उभे होते. सही घेऊन आत आले तोवर वाट्यासुद्धा विसळून झाल्या होत्या.

पण प्रमाणपत्राचं एक असतं. माणसाला काय येत नाही ते त्यात लिहीत नाहीत. नाचणगावात पाय ठेवेपर्यंत बबनरावांना स्वतःलाच वाटू लागलं होतं की आपल्याला पनीर येतं.

बबनराव तालुक्याच्या शेतकी कचेरीत मदतनीस. बायको शोभाबाई. दोघांनी अकरा वर्षं भाड्याच्या खोलीत काढून त्या दिवाळीला नाचणगावात स्वतःचं घर बांधलं होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, आणि शहाबादी फरशी. फरशी तेव्हा गावात तीनच घरांत होती आणि शोभाबाई ती दिवसातून दोनदा पुसत. अशा वेळी कचेरीच्या साहेबांनी बबनरावांना बोलावलं. सरकारला वाटत होतं की येत्या मृगात या भागात सोयाबीन पेरलं जावं. शेतकऱ्यांना वाटत होतं की सरकारला दुसरा उद्योग नाही. तेव्हा प्रशिक्षित कर्मचाऱ्यानं वीस शेतकऱ्यांना सोयाबीनचं जेवण घालावं आणि पेरणीला तयार असल्याच्या वीस सह्या घ्याव्यात, असं ठरलं. सह्या आल्या तर ठीक. नाही आल्या तर आष्टीला एक जागा रिकामी होतीच, असं साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

आष्टी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आष्टीत माणसं राहत नाहीत असं नाही, चांगली राहतात. पण ज्याची फरशी नाचणगावात अजून पुरती वाळलेली नाही, त्याला आष्टी म्हणजे काळं पाणीच. बबनरावांनी ही गोष्ट शोभाबाईंना सांगितली तेव्हा त्यांनी पोतेरं पिळून फरशी पुन्हा एकदा पुसली.

पहिली ठेच स्वयंपाकाच्या आधीच लागली. असलं प्रात्यक्षिक शेतकऱ्याच्याच घरी झालं पाहिजे असा नियम निघाला. बबनराव तर नोकरदार. साहेब म्हणाले, सातबारावर नाव असेल तर तुम्हीही शेतकरी. वडिलांची जमीन अल्लीपूरला होती, थोरले भाऊ श्रावणराव ती वाहत होते आणि उताऱ्यावर दोघांचीही नावं होती. तेव्हा बबनराव एसटीनं अल्लीपूरला गेले, संक्रांतीचा तिळगूळ दिला, आणि चहा घेता घेता सातबाराचा उतारा मागितला.

श्रावणरावांची बशी तोंडापाशीच थांबली. आत वहिनींचं पीठ मळणं थांबलं. धाकटा भाऊ, ज्यानं नुकतंच घर बांधलं आहे, तो अचानक येऊन सातबारा मागतो, याचा अर्थ लावायला कोणी वकील लागत नाही. श्रावणराव म्हणाले, "बापाले जाऊन दोन वर्सं नाई झाले, अन् तू हिस्सा मांगाले आला?" बबनरावांनी शपथेवर सांगितलं की मला हिस्सा नको, मला वीस माणसांना कढण पाजायचं आहे. यावर श्रावणरावांचा जेवढा विश्वास बसायला हवा तेवढाच बसला. उतारा दिला त्यांनी, पण पुढच्या संक्रांतीला या घरचा तिळगूळ त्या घरी गेला नाही.

मग प्रत्यक्ष पनीर.

पुस्तिका चोवीस पानांची होती, सायक्लोस्टाइल केलेली. सोयाबीन रात्री भिजवावं, टरफलं काढून वाटावं, दूध गाळून उकळावं, लिंबाचा रस घालून फाडावं, फडक्यात बांधून वजनाखाली दाबावं. एवढं स्पष्ट होतं. लिंबं किती, तिथं मात्र शाई पसरून एक काळा ढग झाला होता. बबनराव ओसरीवर खुर्ची टाकून पुस्तिका मोठ्यानं वाचत आणि शोभाबाई आत पाट्यावर वाटत. 'आपण' पनीर करतो आहोत, असं बबनराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या 'आपण'मधला वाटणारा हात कोणाचा, हे शोभाबाईंच्या खांद्याला बरोबर ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी दूध उकळायला ठेवलं, ते बघता बघता फेसाळून वर आलं आणि चुलीत उतरलं. चूल विझली. घरभर ओल्या कडधान्याचा आणि जळक्या राखेचा असा वास सुटला की शेजारच्या शकुबाई पदर नाकाला लावून विचारायला आल्या, घरात कोणी आजारी आहे का. शकुबाई म्हणजे उत्तर ऐकायच्या आधी उपाय सांगणाऱ्या बाई. दूध उतू गेलं म्हणजे दृष्ट लागली, फरशीलाच लागली असणार, असं त्यांचं निदान. त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. ती विस्तवात टाकायची असते, पण विस्तवच विझलेला, म्हणून ती तशीच चुलीच्या राखेत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दूध नीट उकळलं, पण फाटेना. चार लिंबं झाली, सहा झाली. किराणा दुकानदार ताराचंद सहज डोकावले होते. त्यांच्या दुकानात तुरटी होती आणि तिला बरेच दिवस गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं तुरटीनं काहीही फाटतं असं त्यांचं ठाम मत होतं. बबनरावांनी खडा फिरवला. दूध फाटलं हे खरं. पण चमचाभर चाखल्यावर बबनरावांचे गाल आतून एकमेकांना चिकटले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना 'पनीर' हा शब्द म्हणता येईना. शोभाबाईंना ती संध्याकाळ फार शांत गेली.

तिसऱ्या दिवशी गाळायला फडकं पुरेना, म्हणून बबनरावांचं दिवाळीचं धोतर कामी आलं. दाबायला पुस्तिकेत दोन किलोचं वजन सांगितलं होतं. बबनरावांनी विचार केला, दोन किलोनं एवढं होतं तर जास्त वजनानं किती चांगलं होईल, आणि गाठोड्यावर जात्याचा वरचा दगड ठेवला. सकाळी त्यातून जे निघालं ते वाळत घातलं असतं तर पापड म्हणून चाललं असतं. चौथ्या दिवशी शोभाबाईंनी त्यांना पेपर वाचायला पुलगावच्या वाचनालयात पाठवलं. लिंबाचा रस थोडा थोडा टाकत, डोळ्यांनी बघत दूध फाडलं, आणि पाण्यानं भरलेला पितळी गडवा वर ठेवला. बबनराव परत आले तेव्हा ताटात पांढरीशुभ्र, बोट लावलं की हलणारी वडी तयार होती. बबनरावांनी ती चहूबाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "जमलं आपल्याले."

प्रात्यक्षिकाला रविवार ठरला. वीस शेतकऱ्यांत सगळ्यात मोठं नाव डोमाजींचं. पंचाहत्तरीचे, ताठ, तीस एकर काळी जमीन. गावात नवीन बी आलं की लोक आधी डोमाजींच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बघत. त्यांनी सही केली तर उरलेल्या एकोणीस जणांना कागद वाचायचीही गरज नव्हती, आणि त्यांनी नाही केली तरी नव्हती.

पदार्थ दोन होते. पालक, गाजर, कोहळं आणि ओल्या तुरीचे सोले घालून सोयाबीनच्या दुधातलं सूप, आणि फुलकोबी, वाटाणे घालून पनीरची भाजी. सोबत भाकरी, भात. वीस माणसांच्या भाजीला तेल मात्र पुस्तिकेप्रमाणं चार चहाचे चमचे. तेवढं तेल आपल्याकडे शनिवारी मारुतीला वाहतात. शोभाबाई म्हणाल्या, तर्री नसलेली भाजी पाहुण्याच्या पानात वाढली तर तो मनात काय म्हणेल. बबनराव म्हणाले, मनात काय म्हणेल ते अहवालाच्या रकान्यात भरायचं नाही.

मग शोभाबाईंनी आणखी एक गोष्ट काढली. पुस्तिकेत लिहिलं होतं, सूप जेवणाआधी द्यावं, त्यानं भूक प्रज्वलित होते. शोभाबाई म्हणाल्या, "अजी, पातळ पहिले वाढू नका. आपल्या इकडे पंगतीत..." बबनरावांनी हात वर केला. तीन दिवसांचं प्रशिक्षण कोणाचं झालं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. शोभाबाईंनी वाक्य गिळलं. नवऱ्यासमोर गिळलेली वाक्यं पचवायला आपल्याकडच्या बायकांना कुठलीही पुस्तिका लागत नाही.

आता इथं जरा थांबून सांगायला हवं. आमच्या भागात पंगतीचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत, म्हणूनच ते मोडत नाहीत. वाढणं सुरू होतं मिठापासून, आणि शेवटी येतो मठ्ठा नाहीतर कढी. द्रोणात पातळ आलं की समजायचं, यजमानाचं वाढून झालं. ते प्यायचं, पानावरच हातावर पाणी घ्यायचं आणि उठायचं. आणखी एक. पंगतीतला वडीलधारा उठला की सगळी पंगत उठते. तो उठल्यावर जो घास घेईल त्याचं नाव पुढच्या पिढीपर्यंत निघतं. आणि एकदा पानावर हात धुतला की त्या पानावर पुन्हा बसणं नाही, मग समोर अमृत का असेना.

रविवारी दुपारी शहाबादी फरशीवर वीस पत्रावळी मांडल्या. मंडळी सकाळपासून उपाशी होती. सरकारी जेवण आहे, तर भूक ठेवून जावं, असा साधा हिशेब. पानात मीठ पडलं, लिंबाची फोड पडली, आणि मग बबनराव स्वतः बादली घेऊन निघाले आणि प्रत्येकाच्या द्रोणात पळीपळी सूप वाढत गेले.

डोमाजींनी द्रोणाकडे पाहिलं. पानात भाकरी नाही, भात नाही, भाजी नाही, आणि द्रोणात शेवटचं पातळ. त्यांनी मनाशी विचार केला असणार. सरकारी कार्यक्रम त्यांनी पुष्कळ पाहिले होते. शाळेच्या उद्घाटनाला चहावरच बोळवण झाली होती, आणि विहिरीच्या वेळी तर नुसतेच हार होते. त्या मानानं हे बरंच म्हणायचं. आणि काही झालं तरी, जेवण कुठं आहे असं यजमानाला विचारण्यापेक्षा डोमाजींनी तीस एकर दान करून टाकले असते. त्यांनी द्रोण उचलला, शांतपणे शेवटपर्यंत प्यायला, लोट्यातलं पाणी उजव्या हातावर घेतलं, पत्रावळीवर हात धुतला, आणि "पोट भरलं बावा," म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठले.

उरलेल्या एकोणीस जणांचे द्रोण खटाखट रिकामे झाले. एकोणीस हात धुतले गेले. स्वयंपाकघराच्या दारात शोभाबाई भाजीचं पातेलं कमरेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत 'मी म्हटलं होतं' असं काहीही नव्हतं, आणि तेच बबनरावांना जास्त लागलं.

त्यांनी मंडळींना थांबवायचा प्रयत्न केला. अजून जेवण व्हायचं आहे, भाकरी आहे, भाजी आहे, असं ते हात जोडून सांगू लागले. पण उठलेल्या पंगतीला असा आग्रह करायची रीतच असते आणि नाही म्हणायचीही. डोमाजींनी प्रेमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आग्रह छान करते पोरगं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याच वेळी दारात साहेबांची जीप थांबली. साहेबांनी बघितलं तर वीस माणसं ओसरीवर हात पुसत उभी, आत वीस वापरलेल्या पत्रावळी. त्यांनी विचारलं, जेवण कसं झालं. वीसही जणांनी सांगितलं, फार चांगलं झालं. दुसरं काय सांगणार, यजमान समोर उभा होता. साहेबांनी वहीत 'जेवण उत्तम' असं लिहून घेतलं, मग एकटेच पाटावर बसले आणि पनीरची भाजी चाखली. पहिल्या घासानंतर त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. पण 'उत्तम' शाईनं लिहून झालं होतं, आणि साहेबांच्या वहीत खाडाखोड नसे.

सह्यांचा कागद मात्र फिरला तसाच परत आला. डोमाजी म्हणाले, पाहू, सांगू. एकोणीस जण म्हणाले, डोमाजी म्हणतीन तसं. साहेब जीपमध्ये चढता चढता म्हणाले, सोमवारी सकाळी टेबलावर कागद हवा, नाहीतर आष्टीची ऑर्डर तयारच आहे.

दुपारी दोन वाजता घरात वीस माणसांना पुरेल एवढी पातेलंभर भाजी होती आणि खाणारं कोणी नव्हतं. बबनराव खुर्चीत बसून फरशीकडे बघत होते, अकरा वर्षांनी मिळालेल्या आणि उद्या जाणार असलेल्या फरशीकडे. शोभाबाईंनी पुस्तिका उचलून चुलीजवळच्या कोनाड्यात उलटी ठेवली. पनीरच्या वड्या भाजीतून वेचून काढल्या, खोबरं-खसखस भाजून वाटली, घरातलं होतं नव्हतं तेवढं जवसाचं तेल कढईत ओतलं, लाल तिखट टाकलं आणि बोटभर तर्री आलेला झणझणीत रस्सा केला. त्यावर सांबार, म्हणजे हिरवी कोथिंबीर, पेरली. पाटवडीच्या रश्श्यासारखा. मग शकुबाईंना हाक मारली, आणि दोघींनी मिळून वीस घरी वीस डबे पोचवले. उपाशी उठलेल्या माणसाला घरी जेवण पोचवणं, याला मात्र कोणाचा नियम आडवा येत नव्हता.

संध्याकाळी डोमाजी स्वतः डबा परत करायला आले. डबा घासलेला होता आणि रीतीप्रमाणं त्यात मूठभर तांदूळ घातलेले होते. बबनराव उभे राहिले.

"बबन," डोमाजी ओसरीवर टेकत म्हणाले, "खरं सांगू का? सूनबाईच्या हातचा रस्सा एक नंबर. भाकरीसंगं सगळ्याइनं पुसून खाल्ला. पन त्याच्यातल्या त्या पांढऱ्या वड्या कोनाच्यानं गेल्या नाई. मी कुत्र्याले टाकली एक. त्यानं वास घेतला अन् माह्या तोंडाकडे पायलं."

बबनरावांनी मान खाली घातली.

"आन तो कागद," डोमाजी म्हणाले. "पाच एकर लिही माह्या नावानं."

बबनरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी विचारलं, "काऊन जी?"

"काऊन म्हंजे? तुरीच्या शेंगा रस्त्यानं जानारा तोडून खाते. भुईमुंग डुकरं उकरते. हरबरा सोंगतपर्यंत अर्धा बी राह्यत नाई, जो येते तो मूठभर हुळा भाजते. सारा जलम धुऱ्यावर जागल करन्यात गेला माहा. आता हे पीक आलं." डोमाजींनी डब्याकडे बोट केलं. "कुत्रं खात नाई, त्याले चोर काय खाईन? पेरा अन् घरी झोपा. सरकारनं पहिल्यांदा अक्कलेचं काम केलं बावा."

दिवेलागणीपर्यंत एकोणीस जण येऊन गेले. सगळ्यांचं कारण तेच होतं आणि सगळ्यांनी ते डोमाजींच्याच शब्दांत सांगितलं. गावातल्या ज्या तिघांना जेवायला बोलावलंही नव्हतं, तेही येऊन सह्या करून गेले.

बबनरावांनी रात्रीच अहवाल लिहिला. प्रात्यक्षिकास उपस्थित शेतकऱ्यांनी सदर पदार्थाची प्रत्यक्ष चव घेतली, व चव घेतल्यानंतरच सोयाबीन पेरण्याचा निर्णय उत्स्फूर्तपणे घेतला. यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सरकारी अहवाल इतका खरा क्वचितच असतो.

अहवाल साहेबांकडून जिल्ह्याला गेला, जिल्ह्यात वाचला गेला. वीसच्या जागी तेवीस सह्या, आणि जेवण उत्तम, हे साहेबांच्या स्वतःच्या हातचं. इतर ठिकाणी तर प्रात्यक्षिकाला माणसंही जमली नव्हती. फाल्गुनात कचेरीतून लखोटा आला. श्री. बबनराव हे सोयाबीन पाककृतींचे अनुभवी तज्ज्ञ असल्याने त्यांच्या सेवेची निकड आष्टी येथे भासत आहे. तेथील शेतकऱ्यांसाठी त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे चाळीस प्रात्यक्षिकं घ्यावीत. कार्यमुक्ती तात्काळ.

बबनरावांनी पत्र तीनदा वाचलं. 'तज्ज्ञ' या शब्दाशी ते प्रत्येक वेळी जरा जास्त थांबत. त्यांनी ठरवलं, सरकारची इच्छा मोठी. घर भाड्यानं देऊ, दोघंही आष्टीला बिऱ्हाड करू, शोभाबाईंना तिथं करमेल. हे सगळं ते ओसरीवरून मोठ्यानं सांगत होते. आत शोभाबाई सुतळी शोधत होत्या. सकाळी ते अंघोळ करून आले तेव्हा दाराशी त्यांची ट्रंक होती, आणि तिच्यावर सुतळीनं आवळून बांधलेली एकच वळकटी.

"शोभा, एकच काऊन बांधली वं?"

शोभाबाई फरशीवर ओलं फडकं फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बदली तज्ज्ञाची झाली ना जी," त्या म्हणाल्या. "पाय उचला, तिथलं वाळू द्या."